दुपारच्या जेवणापुरती अटक

एका माणसाला मी सलग एकोणसाठ दिवस अटक केली, रोज तासाभरात सोडून दिलं, आणि एवढ्या दिवसांत त्याचं वजन वाढलं. असा पराक्रम करणारा ड्रायव्हर या मुलखात दुसरा झाला नाही. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, मला माहीत आहे. आजवर कुणी ठेवलेला नाही आणि त्यावाचून माझं काही अडलेलंही नाही. पण बसलाच आहात सगळे, एवढी भाजी निवडायची आहेच, तर हात चालू ठेवा आणि ऐका.

मी पोलीस ठाण्याचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं एकच गाडी चालवली. ठाण्यात तिला नंबरानं ओळखत, बाहेर सगळे मावशी म्हणत. ती वळणावर दिसली की भुरटे चोर एकमेकांना ओरडून सांगत, "मावशी आली रे!" आणि पांगत. पुढे पुढे ती इतकी मुरली, की दारूच्या गुत्त्यापुढून जाताना माझा पाय ब्रेकवर नसतानाही हळू व्हायची. ठाण्याचं फाटक डाव्या हाताला. एकोणीस वर्षं तिथं वळून वळून तिचं स्टिअरिंग कायमचं डावीकडे कललेलं. सरळ जायचं तर मला ते उजवीकडे ओढून धरावं लागायचं. माझा उजवा दंड डाव्यापेक्षा दोन बोटं जाड आहे तो त्यापायी. मोजून बघा हवं तर.

मी आणि मावशी एकाच महिन्यात निवृत्त झालो. मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तिला ठाण्यामागची भिंत मिळाली. टायर बसले. बॉनेटवर कोंबड्या चढायला लागल्या. भंगारवाला दोनदा येऊन तिच्या पोटाखाली वाकून बघून गेला, गिऱ्हाईक म्हशीच्या पोटाखाली बघतं तसा. मी रोज सकाळी उगाच ठाण्यावर जायचो, तिची काच पुसायचो आणि घरी यायचो.

घरी आल्यावर बसायला जागा नसायची. त्या वर्षी ऊन लवकर तापलं. आड आटले, शेतातली कामं संपली, आणि हंगामी कामाला बाहेर जाणारी माणसं नेहमीपेक्षा दोन महिने आधी निघाली. पोरंबाळं, शेळ्या, भांडीकुंडी, सगळं घेऊन. मागे राहिली ती ज्यांच्यानं चालवत नाही ती. तीन वाड्या आणि सव्वीस म्हातारी माणसं. त्यांना कोण रांधून घालणार? तर आमच्या हिनं परसात मोठी चूल मांडली. गल्लीतल्या बायकांनी हात लावला. रीतसर धर्मादाय संस्था झाली, दारावर पाटी लागली: डबेघर. आणि माझ्या खाटेवर कांद्याची पोती आली.

रांधणं सोपं होतं हो. पोचवणं जड. चार पातेली हातगाडीवर ठेवायची, झाकणं फडक्यानं करकचून बांधायची आणि फुफाट्यातून ढकलत न्यायची. चाक रुतलं की ही खांदा लावायची. मी पुढून ओढायचो, पण मला दम लागायचा, आणि दम लागला की मी वाऱ्याची दिशा बघत थांबायचो. ती म्हणायची, "अहो, वारा आपोआप वाहतोय. तुम्ही गाडी ओढा." महिन्याभरात तिचा उजवा गुडघा सुजला. संध्याकाळी ती मिठाच्या कढत पाण्यात फडकं पिळून गुडघ्याला गुंडाळायची आणि तशीच पाय लांब करून उद्याचे तांदूळ निवडायची.

तिसऱ्या वाडीतलं शेवटचं घर तिच्या थोरल्या भावाचं. विहिरी खोदणारा माणूस. उभ्या आयुष्यात चाळीसेक विहिरी खोदल्या असतील. पंजे असे, की हात मिळवला तर आपली बोटं हरवावीत. बायको कधीच वारलेली, दोन्ही मुलगे हंगामाला गेलेले. अकरा वर्षं त्यानं आमच्याशी अबोला धरला होता.

का, ते सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सासरे गेले तेव्हा शेताची वाटणी झाली. कायद्यानं हिचाही हिस्सा होता. पण मोजणीच्या दिवशी मी मावशी घेऊन गेलो, दोन हवालदार मागं बसवून. कशाला? तर असंच. रुबाब. अन् विहीर ज्या बाजूला होती ती बाजू आमच्या वाट्याला आली. ती विहीर ह्या माणसानं एकट्यानं खोदलेली. पंचविशीत. त्यानं हातातलं फावडं फेकून मारलं. मी वाकलो, फावडं मावशीच्या मडगार्डावर बसलं. अजून पोचा आहे, तो बघा तिथं. मग तो बहिणीकडे वळून म्हणाला, "तुमच्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही." ही उभी होती. एक शब्द बोलली नाही. अकरा वर्षं तिला त्याच एका गोष्टीची बोच, आपण बोललो का नाही.

तर हातगाडी त्याच्या दाराशी गेली, की ही ताट वाढून उंबऱ्यावर ठेवायची. तो ताट उचलायचा, एक शीत सांडू न देता परत हातगाडीवर ठेवायचा आणि पाठ करून बसायचा. भाजलेले दाणे खायचा आणि वर पाणी. गळ्याखालच्या खळग्यांत पाणी साठून राहील एवढा वाळला होता. ही परतताना मागं बघायची नाही.

मग एक दिवस गुडघ्यानं पार दगा दिला. चुलीपुढून उठताना ती भिंतीला धरून बसली ती उठेचना. मी तसाच ठाण्यावर गेलो. साहेब नवे होते, वयानं माझ्या मुलाएवढे.

म्हटलं, "साहेब, मावशी आम्हाला द्या."

"कोण मावशी?"

"भिंतीशी उभी आहे ती."

साहेबांनी खिडकीतून पाहिलं. एक कोंबडी स्टिअरिंगवर बसली होती. "ती चालते?"

"माझ्यापेक्षा बरी चालते."

साहेब हसले. म्हणाले, "भंगारात जाऊन तिचे खिळे होण्यापेक्षा म्हाताऱ्यांच्या पोटाच्या कामी आली तर बरं. दान म्हणून देऊ. कागद करा."

कागद करणार कारकून. त्याला अख्खं ठाणं शिक्का म्हणायचं. तीस वर्षं त्यानं गाडीबद्दल एकच हुकूम लिहिला होता, आणि गाडी म्हटलं की त्याची बोटं टाइपरायटरवर तोच बडवायची. त्यानं वर "दानपत्र" असं छापलं आणि खाली बोटांना सवय होती ते: "सदर वाहनाचा उपयोग आरोपींची ने-आण करण्याकरिता करण्यात यावा. आरोपीस दुपारचे जेवण सरकारतर्फे देण्यात येईल." साहेबांनी सही केली. साहेब लोक वाचून सही करायला लागले तर कामं कधी व्हायची?

मी वाचलं आणि म्हटलं, "अहो शिक्का, हे काय?"

तो चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "बरोबर आहे की. गाडीच ना?"

"बदलून द्या."

"वरून मंजूर होऊन यायला वर्ष जाईल. गाडी हवी का कागद?"

मी गाडी घेतली.

देण्याचा समारंभ म्हणजे साहेब, शिक्का, मी आणि चार बायका. छपराचा दिवा काढला, भोंगा काढला. भोंग्याची वायर मात्र आत हॉर्नच्या वायरीला कुठेतरी लागून राहिली. खड्ड्यात चाक गेलं की ती अर्धवट बें करायची, शेळीसारखी. दारावरची अक्षरं पेंटरनं खरवडली, वर पांढरा हात मारला. पण एकोणीस वर्षं उन्हानं सगळा रंग विटलेला, अक्षरांखालचा तेवढा ताजा. उन्हात उभी केली की पांढऱ्याखालून "पोलीस" स्वच्छ वाचता यायचं. साहेबांनी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

पहिल्या दिवशी ही हट्टानं बरोबर आली. मी जुना खाकी सदरा घातला होता, दुसरा धुवायला टाकलेला. पहिल्या वाडीच्या खड्ड्यात चाक गेलं, मावशी बें करून ओरडली, आणि धडाधड कड्या लागल्या. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी हाक मारली, "अहो, जेवण आणलंय!" तर आतून एक म्हातारा म्हणाला, "पंचवीस वर्षांपूर्वी असंच म्हणाले होते."

शेवटी कोंबड्या पाळणारी एक आजी होती, तिनं दार उघडलं. काठी टेकत आली आणि पदराखालून पितळी तपेली काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "घे बाबा. बेचाळीस वर्षं झाली. शेजारणीची आहे. चोरली नाही हो मी, द्यायची राहिली." तिच्या मागोमाग एक आजोबा आले आणि त्यांनी दोन्ही मनगटं जुळवून पुढं धरली. बेड्या घाला म्हणून. आमची ही खाली उतरली, लंगडत. तिनं त्या जुळवलेल्या हातांवर ताट ठेवलं. ते ताटाकडे बघतात, हिच्याकडे बघतात. म्हणाले, "आणि शिक्षा?" ही म्हणाली, "सगळं संपवायचं. हीच शिक्षा."

त्या आठवड्यात बांधाचे सरकवलेले तीन दगड, एक कुऱ्हाड आणि एक शेळी यांचे कबुलीजबाब मी नुसता सीटवर बसून घेतले. शेळी खाल्ल्याला तीस वर्षं झाली होती. ठाण्यानं एकोणीस वर्षांत एवढे गुन्हे उघडकीस आणले नसतील. घरोघर वस्तू परत गेल्या. दोन आज्या, ज्या एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या, त्या मावशीच्या सावलीत एका तपेलीतून भात खायला लागल्या.

पण हिचा गुडघा पहिल्याच दिवशी पुन्हा मुडपला. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर चालणं बंद केलं. तिसऱ्या वाडीला मी एकटा. शेवटच्या घराचा वेगळा डबा ती स्वतः भरायची, खुर्चीवर बसून. हातात द्यायची आणि म्हणायची, "गरम आहे तोवर पोचवा." बाकी काही नाही.

पहिले चार दिवस मी टेहळणी केली. पोलिसी कामात घाई चालत नाही. त्याच्या दारापासून वीस पावलांवर गाडी लावायची, काचा वर करायच्या आणि संशयिताच्या हालचालींवर नजर ठेवायची. संशयित उंबऱ्यावर बसून फावड्याचा दांडा काचेच्या तुकड्यानं घासत असायचा. आत नुसती भट्टी. घाम पाठीवरून सीटमध्ये आणि सीटमधून चपलेत. तासाभरानं मी गाडी वळवायचो.

चारही दिवस डबा भरलेला परत गेला. ही झाकण उघडायची, बघायची, झाकण लावायची. चौथ्या दिवशी पळी खाली ठेवून म्हणाली, "उद्या डबा असाच आला तर परवापासून चूल पेटणार नाही. बाकीच्या पंचवीस जणांना मी जेवू घालते आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला चालायला शिकवलं तो उपाशी. कुठल्या तोंडानं पळी धरू?"

मी म्हटलं, "अगं, मी बोलतो त्याच्याशी."

ती म्हणाली, "तुम्ही बोलता सगळ्यांशी. त्याच्याशी बोला."

पाचव्या दिवशी मी सदऱ्याची सगळी बटणं लावली, गेलो, थेट दारापर्यंत गाडी नेली, खाली उतरलो, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा. अस्सल पोलिसी हात.

"उठा दादा. तुम्हाला अटक आहे."

तो मान वर न करता म्हणाला, "कशाबद्दल?"

"सरकारी मालमत्तेचं नुकसान. पुरावा मडगार्डावर आहे."

त्यानं पोच्याकडे पाहिलं. ओळखीचं माणूस भेटावं तसं पाहिलं. म्हणाला, "कागद?"

मी दानपत्र काढलं. कागदानंच त्याची विहीर गेली होती. तेव्हापासून तो कागद बोट ठेवूनच वाचायचा. एकेक अक्षर वाचत खाली आला आणि बोट थांबलं. "दुपारचं जेवण सरकारतर्फे?"

"सरकारतर्फे."

"तुमच्या घरचं नाही?"

"माझ्या घरचं कसं असेल? खाली सही बघा, साहेबांची आहे."

तो उठला, मागं जाऊन बसला. मी डबा दिला. पहिला घास तोंडात घातला आणि चावायचा थांबला. माशी सदऱ्यावर बसली तरी हलला नाही. मग सावकाश गिळला. म्हणाला, "सरकारचा हात जुना दिसतोय." आणि डबा बोटानं निपटून रिकामा केला.

त्या दिवशी हिनं झाकण उघडलं आणि रिकाम्या डब्याकडे इतका वेळ बघत बसली, की मला वाटलं, तळ फुटला की काय.

तिथून रोज अटक, रोज जेवण, रोज जामीन. आरोपी फरार होऊ नये म्हणून मी त्याला घरापर्यंत सोडायचो. वीस पावलं. दोनचार दिवसांनी आरोपीच्या तक्रारी सुरू झाल्या. "सरकारला सांगा, डाळ फार पातळ आहे." दुसऱ्या दिवशी डाळ घट्ट. "सरकारला सांगा, माझे मागचे दात गेलेत." तर भात मऊ. इकडून हुकूम सुटायचे: "सरकारनं सांगितलंय म्हणावं, रोज अंघोळ करायची. आणि ती फाटकी बंडी इकडे पाठवायची." बंडी यायची, तिला बटणं लागून परत जायची. तो टाके उन्हात धरून बघायचा. "सरकारचा टाका बारीक आहे. चष्मा लागला नाही वाटतं अजून."

एकदा जेवता जेवता म्हणाला, "पाहुणे, सरकारचा गुडघा कसा आहे?"

मी म्हटलं, "दादा, सरकारला गुडघा नसतो."

"असतो. उजवा. सात वर्षांचं असताना झाडावरून पडलं होतं सरकार. मीच पाठुंगळी घेऊन घरी आणलं होतं. ओझं बाधतं त्याला, म्हणावं, कढत पाण्यात ओवा टाकून शेक."

उन्हानं त्याचं डोकं फिरलं असणार, असं मी धरून चाललो. पण निरोप पोचवला. निरोप पोचवणं हे ड्रायव्हरचं काम. हिनं तो ऐकला आणि चुलीत फुंकायला वाकली. चूल चांगली धडधडून पेटलेली होती, तरी बराच वेळ फुंकत होती.

अटकेच्या एकोणसाठाव्या दिवशी बातमी आली, हंगाम संपला, माणसं परत निघाली, त्याचे मुलगे दोन दिवसांत पोचतील. म्हणजे अटक संपली. त्या दिवशी ही म्हणाली, "मी येते." काठी घेऊन, माझा खांदा धरून मावशीत चढली. पुढं नाही, मागच्या सीटवर. डबा मांडीवर.

गाडी दाराशी थांबली. तो सवयीनं उठून आला, मागचं दार उघडलं आणि पाय आत टाकता टाकता थांबला.

मी आरशात बघत म्हटलं, "आज सरकार स्वतः आलंय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. अकरा वर्षांत दोघांचेही केस पांढरे झालेले. मग तो आत सरकून बसला आणि म्हणाला, "सरकार वाळलंय."

ही म्हणाली, "आरोपी सुटलाय चांगला. पोट बघ केवढं."

"डाळीत मीठ कमी पडतं तुझ्या. आईच्याही पडायचं."

"दादा, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

तो डब्याचं झाकण काढत म्हणाला, "आता बोलतेस ना. जेव आधी." आणि अर्धा भात तिच्यापुढं झाकणात काढला. मी पुढं बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही, भूक आहे का. मी बाहेर उतरून टायर तपासले. चारही. दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फावडं खांद्यावर टाकून आमच्याकडे आला. म्हणाला, विहिरीत गाळ साचला असणार, अकरा वर्षं काढलाय कुणी? सत्तरीचा माणूस, दोर बांधून आत उतरला आणि दुपारपर्यंत बादल्या वर देत होता. वर आला तेव्हा चिखलानं माखलेला, नुसते दात दिसत होते, उरलेले. तेव्हापासून विहीर दोघांची. ही भाजी तुम्ही निवडताय ना, ती त्याच पाण्याची. आणि दुपारी तो इथंच जेवतो. अटकेशिवाय.

तर सांगायचा मुद्दा काय, एवढं सगळं घडलं ते एका माणसाच्या धाडसामुळे. डबा बायकोचा, गाडी सरकारची, कागद शिक्काचा. पण त्या पाचव्या दिवशी थेट दारापर्यंत जाऊन त्याच्या खांद्यावर हात टाकायला जी छाती लागते, ती...

"खोटं!"

मागं पायरीवर बसून लसूण सोलत होता मेहुणा. हातातली सालं झटकून उभा राहिला.

"किती थापा माराल, पाहुणे? बायाबापड्या ऐकतायत म्हणून काहीही? उतरलाच नाहीत तुम्ही गाडीतून. चार दिवस काचा वर करून बसलात, हॉर्न वाजवायची छाती झाली नाही. पाचव्या दिवशी डबा मांडीवर घेऊन तासभर तसेच, खाली मान घालून. शेवटी मलाच बघवेना. तो कागद काय म्हणतो ते कोंबडीवाल्या आजीनं मला आधीच सांगितलं होतं, तिला तुम्हीच वाचून दाखवला होतात. मी उठलो, वीस पावलं चालत आलो, मागचं दार उघडून बसलो आणि म्हटलं, पाहुणे, आता अटक करा मला, जेवण गार होतंय."